नक्षत्रांची वही: सीमाभागात राहून वर्षभर बघतं-लिहितं कसं राहायचं

डायरी लिहायचा संकल्प 1 जानेवारीला होतो आणि संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत वही कपाटात जाते. बहुतेकांचं असंच होतं. रोज लिहायचं म्हटलं की चौथ्या दिवशी लिहायला काही उरत नाही, आणि उरलंच तर ते ऑफिसातलं गाऱ्हाणं असतं. मी गेली काही वर्षं वेगळ्या पद्धतीची वही ठेवतोय. ती रोजची नाही, साधारण पंधरवड्याची आहे. महिन्यांवर चालत नाही, सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. म्हणजे आपल्याकडचा शेतकरी आजही ज्यावरून पेरणीचं बोलतो, त्यावर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्याला हे जमायला सोपं आहे. इथे ऋतू पालटला की गणपत गल्लीतल्या भाजीच्या पाट्यांपासून एसटीतल्या गर्दीपर्यंत सगळं पालटतं. बदलीवर नव्याने आलेले आणि इथेच जन्मून कधी नीट न बघितलेले, दोघांनाही हे उपयोगी पडावं.

क्रम मात्र आधीच सांगून ठेवतो. आधी बाहेर बघायचं, मग स्वतःकडे. स्वतःपासून सुरुवात केली की वहीत तक्रारी साठतात. बाहेरच्या चार ओळी लिहून झाल्या की पाचवी ओळ आपली येते, आणि ती बरीच खरी असते.

1. सामान जमवा

- शाळेतलं प्रॅक्टिकल बुक: एका बाजूला कोरं पान, एका बाजूला रेघा. कोऱ्या बाजूला चित्र, पान, तिकीट, काय वाटेल ते, रेघांवर मजकूर. महागडी कातडी डायरी घेऊ नका, ती खराब होईल म्हणून हात आखडतो.
- पेन्सिल, टूबी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या जुलैत कागद सर्द होतो, जेल पेनची शाई पसरते. पेन्सिलीला ओल लागली तरी अक्षर टिकतं.
- पंचांग, किंवा पर्जन्य नक्षत्रं छापलेली कुठलीही दिनदर्शिका.
- वही बसेल अशी प्लॅस्टिकची जाड पिशवी.
- पानंफुलं दाबायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक जड ग्रंथ.
- हौस असेल तर सपाट बुडाची, सरळ भिंतीची काचेची बरणी आणि पट्टी. पाऊस मोजायला.

मोबाईलला बंदी नाही, पण त्याचं काम पुढे सांगतो.

2. वर्षाची 27 पानं आखून घ्या

सूर्य वर्षभरात 27 नक्षत्रांतून फिरतो. एका नक्षत्रात तो साधारण तेरा-चौदा दिवस असतो. म्हणजे वर्षाला 27 नोंदी. प्रत्येक नक्षत्राला चार पानं सोडा, दोनशे पानी वहीत सगळं वर्ष बसून वर जागा उरते.

दिनदर्शिकेत बहुधा पावसाचीच नक्षत्रं ठळक दिलेली असतात, म्हणून सगळ्या तारखा इथे देतो. त्या एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात, तेवढ्याने काही अडत नाही.

अश्विनी 14 एप्रिल, भरणी 27 एप्रिल, कृत्तिका 11 मे, रोहिणी 25 मे, मृग 8 जून, आर्द्रा 22 जून, पुनर्वसू 6 जुलै, पुष्य 20 जुलै, आश्लेषा 3 ऑगस्ट, मघा 17 ऑगस्ट, पूर्वा 31 ऑगस्ट, उत्तरा 13 सप्टेंबर, हस्त 27 सप्टेंबर, चित्रा 10 ऑक्टोबर, स्वाती 24 ऑक्टोबर, विशाखा 6 नोव्हेंबर, अनुराधा 19 नोव्हेंबर, ज्येष्ठा 3 डिसेंबर, मूळ 16 डिसेंबर, पूर्वाषाढा 29 डिसेंबर, उत्तराषाढा 11 जानेवारी, श्रवण 24 जानेवारी, धनिष्ठा 6 फेब्रुवारी, शततारका 19 फेब्रुवारी, पूर्वाभाद्रपदा 4 मार्च, उत्तराभाद्रपदा 18 मार्च, रेवती 31 मार्च.

इथे फसायची जागा आहे. पंचांगात रोजच्या रकान्यात जे नक्षत्र लिहिलेलं असतं ते चंद्राचं. ते जवळजवळ रोज बदलतं. आपल्याला हवं ते सूर्याचं, ज्याला पर्जन्य नक्षत्र किंवा महानक्षत्र म्हणतात. "सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश, वाहन अमुक" असा मजकूर शोधा. वाहन म्हणजे बेडूक, म्हैस, मोर, हत्ती, गाढव, कोल्हा वगैरे. त्यावरून पाऊस कसा पडेल याचा अंदाज बांधायची रीत आहे. मी वाहनावर विश्वास ठेवत नाही, पण पानाच्या कोपऱ्यात ते जनावर काढतो जरूर. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यांना सुरुवात करायला यापेक्षा सोपी जागा नाही. बिघडलेलं गाढवसुद्धा गाढवच दिसतं.

सुरुवात कधी करायची? आज जे नक्षत्र चालू आहे त्यात. पाडव्याची किंवा मृगाची वाट बघू नका.

3. एक जागा ठरवा

वर्षभर एकाच जागी जाऊन बसायचं. सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, त्यामुळे जागा निवडताना घाई नको.

घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असावी. तिथे निदान एक मोठं झाड, थोडी उघडी जमीन आणि आकाशाचा तुकडा दिसावा. माणसांची जा-ये असली तर चांगलंच. टिळकवाडीत राहणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपोतली झाडं आहेत, शहराच्या त्या टोकाला किल्ला तलावाचा काठ आहे. वडगाव, शहापूर, अनगोळकडचे लोक पाच मिनिटांत शिवारात पोचतात. खेड्यात परसू असेल तर प्रश्नच मिटला. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची धरा, मात्र तिथून दिसणारं एक झाड नेमून घ्या.

नवखे लोक हमखास वज्रपोहा, जांबोटी किंवा आंबोलीचा घाट निवडतात. तिथे जरूर जा, पण ती सहल झाली. वर्षात 27 वेळा तुम्ही जांबोटीला जाणार नाही. रोजच्या वाटेवरचं चिंचेचं झाड धबधब्यापेक्षा जास्त शिकवतं, कारण ते दर खेपेला थोडंच बदललेलं असतं आणि तेवढं थोडं बघायला नजर लागते.

कुणाच्या शेताच्या बांधावर बसणार असाल तर मालकाला विचारा. "नुसता बसणार आहे" हे उत्तर पहिल्यांदा कुणाला पटत नाही. दोन-तीन वेळा दिसलात की तेच चहाला बोलावतात, आणि निम्मी माहिती त्या चहावरच मिळते. पावसाळ्यात बूट घाला, गवतात हात घालू नका, संध्याकाळ झाली तर बॅटरी जवळ ठेवा. घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत.

4. नोंद कशी लिहायची

वीस मिनिटं बसा. पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. मग या क्रमाने लिहा: नक्षत्र, तारीख, वेळ, आकाश, जमीन आणि झाड, कानाला आणि नाकाला काय लागलं, आसपासची माणसं काय करताहेत, बाजारात काय आलंय, आणि शेवटी "मी" असं लिहून एकच ओळ. नमुना देतो:

"पुष्य, 24 जुलै, सकाळी सात. ढग खाली उतरलेत, राजहंसगड दिसत नाही. बरणीत 31 मिलिमीटर. वडाच्या बुंध्यावर हात-दीड हात शेवाळ चढलंय, गेल्या खेपेला नुसतं मुळांवर होतं. बेडूक गप्प, रातकिडे मात्र दिवसाढवळ्या चालू. भाजीवाल्या मावशींकडची अळंबी संपली, बांबूचे कोंब आलेत. मी: भावाला फोन करायचा अजून राहिलाय."

बघा, यात "निसर्गाचं रम्य रूप" वगैरे काही नाही. विशेषणं जितकी कमी तितकी नोंद पुढच्या वर्षी कामाची. "खूप पाऊस" यापेक्षा "चप्पल हातात घेऊन नाला ओलांडला" हे बरं.

पाऊस मोजायचा असेल तर बरणी भिंतीपासून आणि झाडापासून लांब, उघड्यावर ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, तीच वेळ धरा म्हणजे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. पट्टीने पाण्याची उंची मोजायची, मग बरणी रिकामी करायची. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरभर जागेवर एक लिटर पाणी. हा हिशोब एकदा आपल्या गच्चीला लावून बघा. मित्र अथणीकडे असेल तर त्यालाही बरणी ठेवायला सांगा. कणकुंबी ते अथणी हा एकच जिल्हा, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणूनच दुसऱ्याच्या वहीतला ऋतू आपल्या वहीत उतरवायचा नाही.

मोबाईलचं काम आवाज टिपायचं. बेडूक, पत्र्यावरचा पाऊस, मळणीचं यंत्र, काकड आरती. फोटो काढायचाच तर चित्र काढून झाल्यावर. आधी फोटो काढला की डोळा बघायचं काम सोडून देतो.

5. वर्षाच्या फेऱ्यात काय बघायचं, काय करायचं

इथे मी पावसाळ्यावर जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाचाळ.

*रोहिणी आणि मृग.* मेच्या शेवटी वळिवाचे टपोरे थेंब पडून जातात, बाजारात करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात येतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, मोसमी पावसाच्या तोंडावर काजवे झाडं उजळून सोडतात. जायचं तर गाडीचे दिवे बंद करा आणि टॉर्च मारू नका. बेळगावच्या आसपास धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली भाताची पेरणी, उरकायची घाई असते. पाऊस पडला की मखमली लाल मृगाचे किडे मातीवर दिसतात; उचलू नका, वाकून बघा आणि कुठे दिसले ते लिहा. ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर. आषाढात पलीकडच्या गावांत महाराष्ट्रीय बेंदूर. बैल तेच, सण दोनदा. सीमाभागात राहण्याचे काही फायदेही आहेत. या दिवसांत मातीचे बैल करून बघा. हाताला माती लागायची वर्षातली ही पहिली संधी.

*आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा.* पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. खानापूरकडे रोपलावणी चालू होते. बांधावर उभं राहून नुसतं बघू नका, ओळखीचं शेत असेल तर तासभर चिखलात उतरा. रोपाची मूठ सोडवून दोन-तीन काड्या अंगठ्याने चिखलात रोवायच्या, मागे सरकायचं. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते आणि शेजारच्या आजी ओव्या म्हणत तुमच्या चार ओळी पुढे गेलेल्या असतात. कुणी गाणं म्हणत असेल तर शब्द विचारून घ्या, रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या.

यानंतर सूर्य दिसेनासा होतो. राकसकोपचा जलाशय किती भरला याची बातमी रोज येते, बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-येळ्ळूरच्या भातात शिरतं. उत्साहाने वही उघडलेल्या माणसाचा धीर सुटतो तो इथेच. कपडे वाळत नाहीत, वहीला वास येतो, चित्र काढावंसं वाटत नाही. या दिवसांत डोळ्यांचं काम कमी करा, कानांचं वाढवा. खिडकीत बसून फक्त आवाजांची यादी करा: कौलावरचा, पत्र्यावरचा, केळीच्या पानावरचा, पन्हाळीतला. पाऊस थांबल्यावर कोणता आवाज आधी परत येतो तेही लिहा. कविता लिहिणाऱ्यांना ही यादी कुठल्याही शब्दकोशापेक्षा जास्त देते.

*मघा, पूर्वा, उत्तरा.* "पडल्या मघा, नाही तर वरतीच बघा" असं म्हणतात. ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, पंचमीला झोके बांधले जातात, माळावर तेरडा फुलतो. गौरी-गणपतीच्या पत्रीला बाजारातून जुडी आणायची सवय मोडा. एकेक पान स्वतः शोधा, नाव विचारा, कोऱ्या पानावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. आघाडा, दूर्वा, बेल, शमी, माका, डोरली, रुई... नावं माहीत असतात, झाडं माहीत नसतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना यात भलताच रस येतो. पान वर्तमानपत्रात दाबताना दर दोन-तीन दिवसांनी कागद बदला, नाही तर बुरशीचा संग्रह होईल.

*हस्त, चित्रा, स्वाती.* हत्तीचा पाऊस गडगडत येतो. याच सुमारास घटस्थापना. घटातल्या धान्याचं रोज एक छोटं चित्र काढा, पट्टीने उंची लिहा. नऊ दिवसांत पिवळट कोंबाचं गवत होतं आणि तुमच्याकडे नऊ चित्रं होतात. एका जागी बसून केलेलं पहिलं सलग काम. पहाटे दुर्गामाता दौडीला जात असाल तर परतताना पाच मिनिटं आपल्या जागेवर थांबा. दिवाळीत पोरांबरोबर किल्ला करा. मोठ्या माणसांनी बिनलाजेने खेळायची ही एकमेव अधिकृत जागा आहे. तटावर मोहरी पेरा, उगवून येईल. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" म्हणतात खरं, पण कापणीला आलेल्या भातावर पाऊस पडला की शेतकऱ्याचा चेहरा बघा. म्हणीइतकीच तीही नोंद महत्त्वाची.

*सुगी आणि थंडी.* भात निघालं की काळ्या शिवारात मसूर, वाटाणा आणि हरभरा ओलीवर येतो. शहापूर-येळ्ळूरकडचं मसुराचं रान डिसेंबरच्या सकाळी एकदा बघाच: पानावर दव, बारीक निळसर फुलं, आणि धुक्यात फक्त माणसांचे आवाज. पश्चिमेकडच्या तांबड्या रानातून रताळी निघतात. पूर्वेकडे शाळू, जानेवारीत हुरडा. पुढे निपाणीकडे गेलात तर हवेतच तंबाखूचा वास असतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या जत्रेसाठी सौंदत्तीची वाट भरून वाहते.

लिहिणाऱ्यांसाठी थंडीत आणखी एक गोष्ट आहे. सुगी आटोपली की सीमाभागातल्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, बेळगुंदी, कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं भाषण, दुपारी गावजेवण, कथाकथन, शेवटी कविसंमेलन. गावच्या लोकांनी धान्य आणि पैसा जमवून चालवलेला हा कार्यक्रम असतो. तारखा दरवर्षी बदलतात, वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा. पहिल्या वर्षी नुसतं ऐका. पुढच्या वर्षी कविता वाचायची इच्छा झाली तर संयोजकांना महिनाभर आधी भेटा. ऐनवेळी चिठ्ठी पाठवणाऱ्यांची रांग मोठी असते आणि सूत्रसंचालकाचा चेहरा त्याहून लांब.

*फाल्गुन ते वैशाख.* पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून फुलतात. पिंपळाला तांबूस पालवी येते. खानापूरच्या तांबड्या मातीची कौलं आणि भांडी प्रसिद्ध आहेत. कुंभाराकडून मळलेल्या मातीचा एक गोळा विकत आणा. बागेतली माती आणू नका, ती तडकते. त्याचं काहीही करा, वाटी, पक्षी, आपल्या जागेवरच्या झाडाचा बुंधा. सावलीत वाळवा, भाजू नका. मृगाच्या पहिल्या पावसात ती वस्तू उघड्यावर ठेवायची आणि विरघळून जायला किती दिवस लागतात ते लिहायचं. आपण केलेलं जपून ठेवायची फार सवय असणाऱ्यांनी हे मुद्दाम करावं.

उन्हाळ्यात आणखी एक सोपा प्रयोग. मेच्या 4 तारखेच्या आसपास बेळगावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमाराला गच्चीत उभी काठी धरा, सावली काठीच्या बुडातच नाहीशी होते. निपाणी-चिकोडीकडे हे एक-दोन दिवसांनी घडतं. ऑगस्टच्या 8-9 तारखेला पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग बघू देतील तर. बाकी घरात तिखटाचं कांडप, सांडगे, पापड. नाकातोंडात गेलेली ब्याडगी मिरचीही नोंदीत यायला हरकत नाही.

6. "मी" ही ओळ

एकच ओळ का? दोन ओळी झाल्या की आपण समजूत घालायला लागतो. पहिल्या ओळीत घडलेलं येतं, दुसरीत त्याचं समर्थन.

"मला कसं वाटतंय" हा प्रश्न सुरुवातीला टाळा. त्याचं उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं: ठीक. त्याऐवजी हाताला लागेल असं विचारा. या नक्षत्रात हातांनी काय केलं? कुणाला भेटायचं टाळलं? कोणतं काम पुढे ढकललं? कशाची वाट बघतोय? सुगीत विचारा की यंदा हाती काय आलं आणि कशावर पाणी पडलं. पेरणीच्या वेळी विचारा की बियाणं कुठून आणलं, म्हणजे जे करतोय ते आपलं आहे की कुणाचं बघून. यातला एखादा प्रश्न चावला तर त्या नक्षत्राची उरलेली पानं त्यालाच द्या. पानं त्यासाठीच सोडलीत.

उन्हाळ्यात कधी काहीच सुचत नाही. चैत्र-वैशाखात नांगरून तापत ठेवलेल्या रानासारखं ते असतं. तिथे पीक का नाही म्हणून कुणी शेतकऱ्याला विचारत नाही. अशा वेळी बाहेरच्या नोंदी चालू ठेवा आणि "मी" पुढे रेघ मारा. पण सलग तीन-चार नक्षत्रं रेघच पडली तर मागची पानं चाळून ती पहिली रेघ कधी पडली ते बघा, त्या सुमाराला काय घडलं होतं ते आठवतं.

एक गोष्ट मात्र वहीवर सोडू नका. आश्लेषातली मरगळ वेगळी आणि आजार वेगळा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असे विचार येत असतील तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठी-कानडी दोन्ही भाषांत बोलता येतं.

7. नेहमीचे खड्डे

*मागची नोंद आज लिहिणं.* हस्त चुकलं असेल तर पान कोरं सोडा, "राहिलं" एवढंच लिहा. आठवून लिहिलेला पाऊस दरवेळी जास्तच पडलेला असतो.

*सगळ्यांना दाखवणं.* नोंद स्टेटसवर टाकायची म्हटली की विशेषणं शिरतात आणि "मी" ची ओळ खोटी होते. चित्रं, पानं, आवाज खुशाल दाखवा. मजकूर वर्षभर तरी कपाटात राहू द्या. घरचे विचारतात काय लिहितोस म्हणून. हिशोब, असं सांगा. तसं खोटंही नाही.

*फक्त पुस्तकी नावं.* झाडाचं नाव माहीत नसेल तर थांबू नका. "दवाखान्यामागचं पांढऱ्या फुलांचं" असं लिहा. वाटेने जाणाऱ्याला विचाराल तेव्हा एक नाव मराठीत मिळेल, दुसरं कानडीत, कधी तिसरं कोकणीत. तिन्ही लिहून ठेवा, कुठलं बरोबर यावर बांधावर वाद घालू नका.

*वहीची हेळसांड.* जून ते सप्टेंबर वही पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात. ऊन पडेल त्या दिवशी पानं उघडून तासभर वाळवा. मुंग्या आणि कसर यांना कडुनिंबाचा पाला चालतो.

*जोडीदार शोधत बसणं.* मंडळ काढलं की पहिल्या बैठकीत अध्यक्ष ठरतो आणि दुसरी होत नाही. एकट्याने सुरू करा. फार तर अथणीचा तो बरणीवाला मित्र पुरे.

8. दुसरं वर्ष

वर्ष पुरं झालं की नवी वही घ्या, पण जुनी बंद करू नका. नव्या वहीत मृगाची नोंद करण्याआधी जुन्या वहीतला मृग वाचायचा नाही. आधी बसा, बघा, लिहा. घरी आल्यावर दोन्ही पानं शेजारी ठेवा. पाऊस किती उशिरा आला, शेवाळ कुठवर होतं, जांभळं कधी संपली हे आपोआप दिसतं. मग दोन्ही "मी" च्या ओळी वाचा. दोन्हीकडे तेच राहिलेलं काम असेल तर ते या नक्षत्रात उरका, किंवा कायमचं खोडून टाका. तिसऱ्या वहीत ते न्यायचं नाही.

दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की त्यातून एखादी मोठी वस्तू करावीशी वाटते. कुणी 27 चित्रांची माळ करतं, कुणी एकाच झाडावर दीर्घ कविता लिहितं, कुणी शहापूर-वडगावच्या विणकरांकडून ऋतूच्या रंगांचं कापड विणून घ्यायच्या गोष्टी करतं. करावंसं वाटलं तर सुरुवात उत्तराषाढा-श्रवणात करा. तेव्हा उजेड स्वच्छ असतो, कागद कोरडा असतो, शेतीची आणि सणांची गडबड उरकलेली असते आणि शाळांच्या परीक्षा अजून लांब असतात. मृगाच्या तोंडावर मोठं काम हाती घेतलंत तर रंग आणि डिंक वाळेपर्यंत गणपती येतील.